एक दिवसाची कार्यशाळा की दर शनिवारचा वर्ग? गोव्यातल्या शाळा, वस्त्या आणि बसस्थानकांवरचे कलेचे काम

तांबडीमाती

मंडळी, चतुर्थी आटोपली, पाऊस माघारी निघालाय आणि दिवाळीपासून कार्निव्हलपर्यंतचा आपल्याकडचा कलेचा हंगाम तोंडावर आलाय. दरवर्षी याच दिवसांत मला फोन सुरू होतात. "तुम्ही वस्तीतल्या मुलांचे चित्रकलेचे वर्ग घेता ना? आमच्यातर्फे एक दिवसाची कार्यशाळा करूया. रंग आम्ही देतो, खाऊ आम्ही देतो." फोन करणाऱ्यांच्या मनात मुलांविषयी खरी माया असते, म्हणून नकार देणे जड जाते. तरीही मी नाही म्हणते. का, ते सविस्तर लिहायचे बरेच दिवस मनात होते. शाळेतली मुले, अख्खी कुटुंबे आणि डोक्यावर छप्पर नसलेली माणसे, या तिन्ही ठिकाणी काम करणारे इथे कोणी ना कोणी आहेत हे ठाऊक आहे, म्हणून हा धागा.

आम्ही चौघी-पाचजणी फोंड्याजवळ बांधकाम मजुरांच्या एका वस्तीत शनिवारी दुपारी बसतो. कुटुंबे बहुतेक बागलकोट, गदग, विजापूर भागातली. पत्र्याच्या खोल्या, मध्ये थोडी मोकळी जागा, एक फणसाचे झाड. वर्ग त्या झाडाखाली.

पहिले काही शनिवार चित्रांपेक्षा खडूंच्या भांडणातच जातात. लाल खडू कोणाकडे गेला, कोणी खिशात घातला, कोणी अर्धा मोडून धाकट्या भावाला दिला. बाहेरून बघणाऱ्याला ही चोरी वाटते. मुलांच्या बाजूने पाहिले तर त्यांचा हिशेब अगदी बरोबर असतो. रंग घेऊन माणसे येतात, फोटो काढतात, परत येत नाहीत. मग हाताला लागले ते ठेवून घ्यावे! म्हणून आम्ही रंगांची पेटी वस्तीतच एका घरी ठेवू लागलो. आठवडाभर कोणीही मागून न्यावी, शनिवारी झाडाखाली आणावी. खडू खिशात जायचे हळूहळू थांबले. आता ते झिजून संपतात, आणि खडूने झिजूनच संपावे.

चित्रेही त्याच सुमारास बदलली. आधी जो तो शाळेच्या भिंतीवर पाहिलेले कमळ, मोर आणि झेंडा काढायचा, कारण बाईंना हेच आवडणार अशी खात्री. पेटी घरात राहू लागल्यावर कागदावर क्रेन आली, काँक्रीट कालवायचा मिक्सर आला, आईच्या डोक्यावरचे घमेले आले, गावाकडच्या जत्रेतला रथ आला. एक दिवसाच्या कार्यशाळेला मोर आणि कमळाच्या पुढे जायला वेळच मिळत नाही. पाहुणे आनंदाने चित्रांचे फोटो काढून जातात आणि त्या मुलांनी आपल्याला काहीच सांगितलेले नसते.

घरच्यांचेही तसेच. आया आधी लांब उंबऱ्यावर बसून बघायच्या. वस्तीत काही लमाणी घरे आहेत. आरसे, कवड्या आणि रंगीत दोऱ्यांचे त्यांचे भरतकाम आपण सगळ्यांनी कळंगुट-बागाच्या वाळूत विकायला आलेले पाहिले आहे. संडूरच्या लमाणी भरतकामाला जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन आहे, आणि किनाऱ्यावर मात्र त्याच कामाच्या पिशवीसाठी पर्यटक तासभर घासाघीस करतात. आम्ही एका शनिवारी रंग बाजूला ठेवले आणि त्या बायांना विनंती केली, आज तुम्ही शिकवा. आरसा नुसत्या दोऱ्याने कसा अडकवायचा, टाका कुठून वर काढायचा, चुकला तर किती उसवायचा. आमच्यातल्या शिकलेल्या बायकांना सुई धरता येईना आणि दहा वर्षांची पोर भराभर टाके घालत होती. तेव्हापासून आया लांब बसत नाहीत. वर्ग घरातल्या बाईने आपला मानला की तो टिकतो, हे मी ठामपणे सांगते.

गोव्यात जागांची वाण नाही. पणजीत कांपालला बालभवन, त्याची केंद्रे राज्यभर. आल्तिन्योवर १९७२ पासूनचे गोवा कॉलेज ऑफ आर्ट. चार्ल्स कोरियांनी रचलेली कला अकादमी, मडगाव-साखळी-कुडचडेची रवींद्र भवने, फोंड्याचे राजीव गांधी कला मंदिर, पाट्टोवरच्या कृष्णदास शामा ग्रंथालयातला मुलांचा विभाग, पिळर्णचे म्युझियम ऑफ गोवा, सुनापरांत हे कलाकेंद्र. आमच्या मुलांनी यातले एकही दार ओलांडलेले नव्हते. नेणाऱ्या आईबापाचा एक दिवसाचा रोज बुडतो, बसला भाडे लागते, आणि दारावर कोणी "कुठून आलात" म्हणून विचारले तर काय सांगायचे याची त्यांना धास्ती असते.

पणजीचे बुकवर्म २००५ पासून पुस्तकांच्या बाबतीत हे काम करते आहे. त्यांची माणसे पुस्तके घेऊन शाळांत आणि वस्त्यांत नेमाने जातात, गोष्ट वाचतात, पुस्तके देऊन येतात, पुन्हा जातात. चित्रकलेला, नाटकाला, गाण्याला हाच नेम लागायला हवा. ओळखीचे माणूस, ठरलेला वार, तीच जागा, आणि साहित्य मागे ठेवून यायचे.

तुम्ही काय करता, काय जमले, लिहा. विशेषतः बेघर माणसांबरोबर कोणी काम करत असेल तर मला खूप ऐकायचे आहे. त्या बाजूचे मला फारसे कळत नाही.

वाळपईची_बाई

ताई, खडूंचे वाचून शाळाच डोळ्यांपुढे आली. मी सत्तरी तालुक्यात सरकारी प्राथमिक शाळेत आहे. शाळा एकशिक्षकी, पहिली ते चौथी एकाच खोलीत. चित्रकलेला वेगळा शिक्षक कुठून असणार? दहा दिवस दप्तराविना शाळा ही नव्या शैक्षणिक धोरणातली गोष्ट सहावी ते आठवीची. आमच्या पिल्लांसाठी आम्हीच काहीतरी काढतो.

सगळ्यात चांगले चालते ते कावी. आपल्याकडच्या आणि कोकणातल्या जुन्या देवळांच्या भिंतींवर तांबडी-पांढरी नक्षी असते ना, तीच. पांढऱ्या चुन्याच्या गिलाव्यावर तांबड्या मातीचा थर द्यायचा आणि तो ओला असतानाच टोकदार सळीने खरवडून खालचा पांढरा उघडा करायचा. जुने कारागीर शिंपल्यांचा चुना, धुतलेली रेती आणि गूळ एकत्र मळून आंबवत ठेवायचे. मुलांच्या हाती चुना कधी देऊ नका, डोळ्यात गेला तर मोठी इजा होते. मी जाड पुठ्ठ्यावर पांढरा मेणखडू घट्ट घासायला लावते. मग गेरू, थोडा फेव्हिकॉल आणि भांड्यांच्या साबणाचे दोन थेंब पाण्यात कालवून वर थर देते. साबण विसरू नका, त्याच्यामुळेच रंग मेणावर धरतो, नाहीतर थेंब थेंब होऊन पळतो. थर सुकला की माडाच्या झावळीचा हीर टोकदार करून खरवडायचे. पुठ्ठा दुकानातल्या खोक्यांचा, हीर परसातला.

हे करायच्या आधी मुलांना देवळात किंवा घरच्या तुळशीवृंदावनापाशी बसवून नक्षी नीट बघायला सांगते. देवळात नेताना गावातला कोणी म्हातारा माणूस बरोबर घेते. मी जे सांगणार त्याच्या दसपट तो सांगतो.

चतुर्थीच्या आधीच्या आठवड्यात माटोळीचे, म्हणजे गणपतीच्या वर टांगायच्या रानफळांचे सामान हाच आमचा सगळा अभ्यास. आजोबांना शाळेत बोलावते. सुपारीचे शिपटे, तोरिंग, आंबाडे, कांगणी, कवंडळ, माट्टीची फळे. माट्टी आपला राज्यवृक्ष, पण पुष्कळ मुलांनी त्याचे फळ हातात घेतलेले नसते. एकेकाने एक फळ घ्यायचे आणि बघत बघत काढायचे. नाव, झाड कुठे आहे, कोणी तोडून आणले, तेही चित्राखाली लिहायचे. चित्रकला झाली, परिसर अभ्यास झाला, आणि ज्या आजोबांना एरवी शाळेत कोणी बोलावत नाही ते गुरुजी होऊन गेले. कुटुंबासाठी वेगळी योजना मला कधी लागली नाही.

मडगावचा_दुकानदार

मनापासून विचारतो, राग मानू नका. शाळेतल्या मुलांचे समजले. वस्तीतल्या मुलांचेही समजले. पण माझ्या दुकानाच्या व्हरांड्यात पावसाळाभर दोघेजण झोपतात. एकाच्या पायाला जखम आहे, दुसरा दिवसभर स्वतःशी बोलतो. मी रात्री पोळी-भाजी ठेवतो. या माणसांना रंग आणि कागद देऊन काय साधणार? आधी औषध, जेवण, छप्पर नको का?

रात्रपाळी

दादा, तुम्ही पोळी-भाजी ठेवता याबद्दल आधी नमस्कार. जखमेला रंग लावून कोणी बरे होत नाही, ते अगदी खरे. मी इस्पितळात नोकरी करते, आणि रजेच्या संध्याकाळी रस्त्यावर राहणाऱ्या माणसांमध्ये काम करणाऱ्या एका संस्थेबरोबर जाते. माझा अनुभव असा की औषधासाठी हात पुढे करायलाही माणसाला आधी कोणाशी तरी ओळख लागते. जेवण वाढताना मी उभी असते आणि तो बसलेला. कागद घेऊन बसले की आम्ही शेजारी शेजारी असतो. पाय दाखवतो तो तेव्हा.

२०११च्या जनगणनेत देशात सुमारे १७.७ लाख बेघर माणसे नोंदली गेली. शहरी उपजीविका अभियानात दर एक लाख लोकसंख्येमागे किमान शंभर माणसांचा कायमचा निवारा असावा असे ठरले होते. निवारा झाला पाहिजे, त्यासाठी आपण सगळ्यांनी नगरसेवकांच्या मागे लागले पाहिजे. पण निवाऱ्यात रात्र निघाली तरी दिवस उरतोच. काम नाही, घरचे कोणी नाही, आणि कोणी नावाने हाक मारत नाही. आमच्या बैठकीला एक वयस्क गृहस्थ पुष्कळ दिवस नुसते लांबून बघत होते. चित्र काढायला त्यांनी कधी हात लावला नाही. एकदा दुसऱ्या कोणीतरी अभंग गुणगुणला तर त्यांनी पुढचा चरण उचलला आणि मग पूर्ण भजन म्हटले, ताल मांडीवर. ते तरुणपणी गावच्या भजनी मंडळात होते. गोव्यात रस्त्यावरच्या माणसालाही भजन, कांतार म्हणजे कोंकणी गीत, तियात्र या कोंकणी नाटकातले गाणे यातले काहीतरी येत असते. रंग नको असतील तर गाणे घ्या.

तांबडीमाती, तुम्ही विचारलेत म्हणून आमच्याकडची रीत सांगते. कुठून आलात, घर का सोडले, मुलेबाळे किती, हे आम्ही विचारत नाही. सांगितले तर ऐकतो. कोणी चार रेघा मारून उठून गेले तरी चालते. दारू प्यायलेल्यालाही बसू देतो, मात्र कात्री आणि ब्लेड पिशवीतून बाहेर काढतच नाही, कागद हाताने फाडायचा. चहा आधी, काम नंतर. आणि हे कोणाच्या सहसा लक्षात येत नाही: ज्याला घर नाही त्याला चित्र ठेवायला जागाही नाही. पहिल्या पावसात सगळे भिजून जाते, किंवा पोलीस उठवतात तेव्हा मागे राहते. म्हणून प्रत्येकाच्या नावाची प्लास्टिकची फाइल आम्ही संस्थेच्या कपाटात ठेवतो. काही जण चित्र काढायला येत नाहीत, आपली फाइल उघडून बघायला येतात.

विक्रीचे फार जपून करावे. प्रदर्शनात चित्र विकले गेले तर पैसा त्या माणसाचा, पूर्ण. बऱ्याच जणांचे बँकेत खाते नसते, कारण पत्त्याचा पुरावा नसतो, म्हणून आधी कागदपत्रांच्या मागे लागावे लागते. चित्राच्या निमित्ताने आधार कार्ड झाले, असेही घडते.

तुमच्या व्हरांड्यातला स्वतःशी बोलणारा माणूस मात्र कलेच्या वर्गाच्या भरवशावर सोडू नका. मानसिक आजार असलेली व्यक्ती निराधार फिरत असेल तर तिला संरक्षण देण्याची जबाबदारी २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्याच्या १००व्या कलमाने पोलिसांवर टाकली आहे. बांबोळीला मानसोपचार संस्था आहे. मला व्यक्तिगत संदेश पाठवा, मी येते.

मडगावचा_दुकानदार

पाठवला. देव बरे करो.

बेळगावी_कुंदा

वाचतेय. बाहेर कुठे असे बेघरांबरोबर नाटक वगैरे झाले आहे का? आमच्याकडे एक छोटा गट आहे, नाटकाचा.

रात्रपाळी

झाले आहे आणि टिकले आहे. लंडनमध्ये १९९१ साली कार्डबोर्ड सिटिझन्स ही नाटक कंपनी सुरू झाली. बेघरपण भोगलेली माणसे तिथे नट म्हणून काम करतात. ब्राझीलच्या ऑगुस्तो बोआल यांची फोरम थिएटरची पद्धत ते वापरतात. प्रसंग एकदा पूर्ण दाखवायचा, मग पुन्हा सुरू करायचा, आणि प्रेक्षकातल्या कोणीही "थांबा" म्हणून उठून त्या पात्राच्या जागी वेगळे वागून बघायचे. घरमालकाशी कसे बोलायचे, कचेरीत अर्ज नाकारला तर पुढे काय, हे सगळे तिथे करून बघता येते. स्ट्रीटवाइज ऑपेरा २००२ पासून गाण्यातून असेच काम करते.

आपल्याकडे दिल्लीत १९८८ पासून सलाम बालक ट्रस्ट आहे. फोटोग्राफर विकी रॉय तिथलाच. पुरुलियाहून पळून आलेला, नवी दिल्ली स्टेशनवर कचरा वेचणारा मुलगा. ट्रस्टमध्ये राहिला, त्रिवेणी कला संगममध्ये फोटोग्राफी शिकला आणि पुढे न्यूयॉर्कला वर्ल्ड ट्रेड सेंटरच्या पुनर्बांधणीचे फोटो काढायला निवडला गेला. हे उदाहरण देताना मी नेहमी सांगते की प्रत्येकाचा विकी रॉय व्हावा म्हणून हे करायचे नसते. त्याला छप्पर, जेवण, शाळा आणि कॅमेरा हे सगळे मिळाले, आणि वर्षानुवर्षे मिळत राहिले. ती वर्षे बघा.

निवृत्त_मास्तर

धागा आवडला. तरी एका मुद्द्यावर मी तांबडीमातीबाईंशी सहमत नाही. तीस वर्षांहून अधिक काळ माध्यमिक शाळेत चित्रकला शिकवली, त्या अधिकाराने लिहितो.

एक दिवस म्हणजे काहीच नाही, हे मला मान्य नाही. खेड्यातल्या मुलाला खरा कलावंत काम करताना एकदा दिसला, मोठा कॅनव्हास एकदा दिसला, तरी पुरते अशी मुले असतात. मी स्वतः मुलांना पणजीच्या मिनेझिस ब्रागांझा संस्थेतल्या निळ्या फरशांच्या चित्रांपुढे उभे करायचो. १९३५ साली बसवलेले जॉर्ज कोलासो यांचे काम. पोर्तुगीज कवी कामोंइशच्या महाकाव्यातले प्रसंग, वास्को द गामाचा प्रवास. एवढी मोठी कथा भिंतभर सांगता येते हे बघूनच काही मुले गप्प होत. घरी जाऊन एखादाच जण वहीची दोन पाने चिकटवून मोठे चित्र काढायचा. त्या एकासाठी ती सहल सार्थकी लागे.

आपल्या मातीतून चित्रकार अँटोनियो झेवियर त्रिंदाद झाले, सांत इस्तेव्हच्या बेटावरचे आंजेलो द फोन्सेका झाले, लक्ष्मण पै झाले. पैंनी तर पुढे आल्तिन्योच्या कॉलेजचे प्राचार्यपदही सांभाळले. त्रिंदादांची चित्रे पणजीत फोंताइन्यशला फुंदासांव ओरिएंत या संस्थेत बघता येतात. आपली मुले मोनालिसा ओळखतात आणि त्रिंदाद ओळखत नाहीत, याचे मला फार वाईट वाटते. तिथे एक दिवस नेणे हेही कामच आहे.

तांबडीमाती

मास्तर, तुम्ही मुलांना नेत होतात तेव्हा दुसऱ्या दिवशी शाळेत तुम्हीच होतात. वहीची दोन पाने चिकटवून आणणाऱ्या मुलाला ते चित्र दाखवायला माणूस होते. माझा आक्षेप सहलीला नाही. जिथे दुसऱ्या दिवशी कोणीच नसते तिथल्या एक दिवसाला आहे. त्रिंदादांबद्दल पूर्ण मान्य. पुढच्या वेळी फोंताइन्यशला तुम्ही याल का आमच्या मुलांबरोबर?

निवृत्त_मास्तर

गुडघे साथ देतील तर जरूर येईन. मतभेद मात्र राहिला असे समजा. एका दिवसावर माझा विश्वास आहे.

काणकोणकर

सहलीचा विषय निघाला म्हणून. काणकोण ते पणजी सत्तर किलोमीटरच्या आसपास. डिसेंबरात पणजीला सेरेंडिपिटी कला महोत्सव भरतो, २०१६ पासून चालू आहे, प्रवेश फुकट. जुन्या जीएमसीच्या (गोवा मेडिकल कॉलेजच्या) इमारतीपासून कांपालपर्यंत बघायला पुष्कळ. आम्ही गावातल्या मुलांना नेतो. अनुदानित हायस्कूलकडे बालरथ म्हणजे शाळेची बस असते, ती मिळाली तर निम्मा प्रश्न सुटतो. मात्र अर्ज वेळेत करा, त्याच दिवसांत क्रीडास्पर्धाही असतात.

सगळे दाखवायचा हट्ट धरू नका. पाच दालने पळवत दाखवली की मुलांना फक्त पाय दुखल्याचे आठवते. दोन ठिकाणे, प्रत्येक ठिकाणी जमिनीवर बसायचे, वहीत काढायचे. मध्ये मांडवीच्या काठावर डबा. चपला नसलेली मुले असतील तर आदल्या दिवशी विचारून घ्या आणि सगळ्यांसाठी एकसारख्या आणा, एकट्याला देऊ नका.

आमच्याबरोबर डोळ्यांनी न दिसणारी एक मुलगी असते. तिला नेण्यापूर्वी मी फोन करून विचारतो की हात लावता येईल असे काय आहे. आधी विचारले तर आयोजक सहसा कोणीतरी माणूस बरोबर देतात. ऐन वेळी विचारून उपयोग होत नाही.

आल्तिन्यो_तिसरे_वर्ष

मी आर्ट कॉलेजला आहे, पेंटिंग. आम्ही काही मित्र सुट्टीत काहीतरी करायला तयार आहोत. डोक्यात होते की एखाद्या वस्तीच्या किंवा सरकारी शाळेच्या भिंतीवर मोठे म्युरल, म्हणजे भित्तिचित्र करावे. रंग कंपनीकडून मागता येतील. कुठे करू?

वाळपईची_बाई

बाबा, भिंत रंगवायला ये, पण आधी दोन महिने मुलांना शिकवायला ये. मुलांची चित्रे जमली की त्यातूनच भिंतीचे चित्र निघेल. शाळेची भिंत असेल तर पालक-शिक्षक संघाला आणि भागशिक्षणाधिकाऱ्यांना विचारावे लागते, तो अर्ज मी लिहून देते. आणि तांबड्या चिऱ्याच्या उघड्या भिंतीवर कृपा करून रंग लावू नकोस. चिरा आहे तसाच सुंदर दिसतो, आणि पावसात ओल आली की रंगाचे पोपडे निघतात. गिलावा असलेली, वर पत्रा किंवा पडवी असलेली भिंत निवड.

तांबडीमाती

बाईंनी सांगितले ते सगळे. वस्तीची भिंत असेल तर राहणाऱ्यांना विचारायचे, आणि "नको" म्हणाले तर नको. एका ठिकाणी बायकांनी सांगितले होते की भिंत रंगवू नका, आमच्या न्हाणीला दार बसवून द्या. आमच्यातल्या एकीच्या भावाने दार बसवले. त्यानंतर त्यांनी स्वतःहून दारावर काढायला रंग मागितले. तुमच्यापैकी दोघे जरी मार्चपर्यंत शनिवारी आले तरी मला फार मोठा आधार होईल.

वकीलबाय

फोटोंबद्दल कोणीच लिहिले नाही म्हणून लिहिते. काळजी आणि संरक्षणाची गरज असलेल्या मुलाची ओळख प्रसारमाध्यमांतून उघड करायला २०१५च्या बाल न्याय कायद्याच्या ७४व्या कलमाने मनाई आहे. नाव, पत्ता, शाळा, फोटो, सगळे त्यात येते. रस्त्यावर राहणारी मुले, बालगृहातली मुले यांचे हसरे चेहरे पेजवर टाकताना हा कायदा डोक्यात ठेवा. गोव्याचा तर स्वतःचा २००३चा बाल कायदा आहे. बाकीच्या मुलांसाठीही आईवडिलांना समजेल अशा भाषेत विचारून, कन्नड येत असेल तर कन्नडमधून, संमती घ्या. नाहीतर हातांचे आणि चित्रांचे फोटो घ्या, चेहऱ्यांचे नको. चित्राखाली नाव हवे की नको हेही मुलाला विचारा, काहींना फार हवे असते.

आणखी एक. कोणताही मोठा माणूस मुलाबरोबर एकटा बसणार नाही, वर्ग उघड्यावर चालेल, आणि काही वेगळे कानावर आले तर मुलांच्या मदतीच्या १०९८ क्रमांकाला फोन करायचा, हे प्रत्येक स्वयंसेवकाला पहिल्या दिवशी सांगा. विद्यार्थ्यांनाही, मास्तरांनाही.

आल्तिन्यो_तिसरे_वर्ष

नोंद केली. ताई, आम्ही तिघे येतो. म्युरलचे नंतर बघू.

हिशेबनीस

पैशांचे थोडे. कंपनी कायदा २०१३च्या कलम १३५प्रमाणे ठरावीक आकाराच्या कंपन्यांना गेल्या तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याचे दोन टक्के सामाजिक कामावर खर्च करावे लागतात. सातव्या परिशिष्टात शिक्षणही आहे आणि कला-संस्कृतीही. गोव्यात औषध कंपन्या, खाणवाले, हॉटेले आहेत. पण एप्रिल २०२१पासून असा सीएसआर (कंपन्यांचा सामाजिक कामाचा) निधी घेणाऱ्या संस्थेला सीएसआर-१ अर्ज भरून नोंदणी करावी लागते. चार मैत्रिणींच्या गटाने तो व्याप करू नये. आधीच नोंदणी असलेल्या संस्थेच्या छत्राखाली जावे आणि हिशेब वेगळा ठेवावा.

कंपनीकडे जाताना बहुतेक जण रंगांची किट, टी-शर्ट आणि बॅनर मागतात, कारण ते लगेच मिळते. तुमच्या धाग्यात सगळे जण एकच सांगताहेत की पुन्हा पुन्हा जाणारे माणूस हवे. मग त्या माणसाचा पगार मागा. वस्तीतलीच बारावी झालेली एखादी मुलगी, अर्धवेळ, वर्षभर. तिचा प्रवासखर्च, चहा, साहित्य भरून काढणे. अर्जात सगळ्यात वर हे लिहा. आधी दोन ठिकाणी नकार येईल, तिसरीकडे कोणीतरी समजूतदार भेटतो. अंदाजपत्रक मी करून देतो, फी नको.

तांबडीमाती

हिशेबनीस, हे फार मोलाचे आहे. वस्तीतल्या एका मुलीचे नाव माझ्या मनात आहे. ती येत्या वर्षी बारावी होईल. कागद तुम्हाला पाठवते.

आता तोंडावरचे. दिवाळीच्या आदल्या रात्री वाड्यावाड्यावर नरकासुराचे मोठे पुतळे उभे राहतात. वस्तीतली मुले दरवर्षी रस्त्याच्या कडेने बघत असतात, बनवायला त्यांना कोणी बोलावत नाही. यंदा जवळच्या वाड्यावरच्या पोरांशी बोलणे झाले आहे. ती म्हणतात, मुकुट आणि ढाल वस्तीने करावी, बाकी सांगाडा आमचा. म्हणून येते दोन्ही शनिवार मुकुटाचे. आकाशकंदीलही करायचे आहेत, दर घराला एक, म्हणजे आयाही बसतील. बांबूच्या कामट्या, पतंगाचा कागद आणि सुकलेले गवत लागेल. खळ पिठाची घरीच शिजवतो.

काणकोणकर

कामट्या माझ्याकडून. आमच्याकडे बांबूकाम करणारे आहेत, तासून गुळगुळीत करून देतील, मुलांच्या हातात कुसळे जाणार नाहीत. फोंड्याला येणाऱ्या कदंब बसमध्ये चढवतो, स्टँडवर कोणी उतरवून घ्यायला हवे.

आल्तिन्यो_तिसरे_वर्ष

आम्ही उतरवून घेतो. बस किती वाजता पोचते ते कळवा.

रात्रपाळी

ताई, दहा-बारा कंदिलांचे साहित्य जास्तीचे मिळेल का? आमच्या बैठकीतल्या दोघांनी विचारले आहे. संस्थेच्या पडवीत लावायचे म्हणतात. मडगावच्या दुकानदार दादांचे दोघेही आता तिथेच येतात, पायाची जखम भरत आली आहे.

तांबडीमाती

नक्की. वीसांचे बांधून ठेवते, शुक्रवारी संध्याकाळी फोंड्याहून मडगावला येणारे कोणी असेल तर इथे लिहा.